कॅरॅव्हॅनच्या चाकाखाली दगड नको, ठोकळे द्या

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅरॅव्हॅनने, म्हणजे आतच राहता-झोपता येणाऱ्या गाडीने, कोकण फिरण्याबद्दल जो लेख आला होता तो आमच्या घरात सगळ्यांनी वाचला. लेख छानच आहे, फोटोही सुंदर आहेत, पण त्यातल्या एका फोटोत गाडीच्या मागच्या चाकाखाली दोन दगड सरकवलेले स्पष्ट दिसतायत आणि त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही. तो फोटो बघून माझ्या बायकोने पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाली, तुम्ही ह्यांना लिहाच. म्हणून लिहितोय. पत्र लांबणार आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो, पण विषय असा आहे की चार ओळीत सांगितला तर कुणी मनावर घेणार नाही.

मी ३४ वर्षं बांधकामावर सुपरवायझर होतो. पाणसळ (सपाटी बघायची बुडबुड्याची पट्टी), ओळंबा आणि गुण्या ह्या तीन वस्तूंवर आमचं घर चाललं, त्यामुळे जमीन सपाट आहे असं कुणी म्हटलं की माझा हात आपोआप पाणसळीकडे जातो. आणि एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगतो की नीट बांधलेलं एकही अंगण सपाट नसतं, ते तसं नसावंच. पाऊस पडल्यावर पाणी भिंतीकडे न येता गटारीकडे जावं म्हणून आम्ही मुद्दाम ढाळ काढतो, साधारण ६० फुटाला १ फूट. डोळ्याला हा ढाळ दिसत नाही, चालताना पायाला कळत नाही. पण गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकात साडेतीन मीटर अंतर असेल तर तेवढ्या ढाळावर जवळजवळ ६ सेंटीमीटरचा फरक पडतो, डाव्या-उजव्या चाकात पावणेतीन सेंटीमीटरचा. म्हणजे हॉटेलचं पार्किंग असो, पेव्हर ब्लॉकचं आवार असो नाहीतर कुणाचं सारवलेलं खळं असो, गाडी उभी केली की ती कुठल्यातरी बाजूला कललेलीच असणार.

साध्या गाडीला ह्याने काही बिघडत नाही, कारण आपण तिच्यातून उतरून घरात जातो. कॅरॅव्हॅनमध्ये आपण उतरत नाही, तिथेच स्वयंपाक करतो, आंघोळ करतो, झोपतो. म्हणून तिला लेव्हलला आणणं हे तिचं पहिलं काम आहे, आणि ते काम आपल्याकडे अजून दगडावर चाललंय.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही सांगलीहून आंबा घाटाने रत्नागिरीकडे उतरलो, मी, बायको, मुलगा, सून आणि अडीच वर्षांची नात. कॅरॅव्हॅन दोन रात्रींसाठी भाड्याने घेतली होती, सोबत ड्रायव्हर त्यांचाच, पोरगा साधा आणि कामाला तत्पर. पहिल्या मुक्कामाला समुद्राजवळच्या एका वाडीत, घरामागच्या मोकळ्या जागेत गाडी लावली. जमीन डावीकडे उतरती. मागचा पलंग गाडीच्या आडव्या दिशेने होता आणि उशी डावीकडे, म्हणजे आडवं झाल्यावर डोकं पायापेक्षा चांगलं चार इंच खाली. बायकोला आधीच ॲसिडिटीचा त्रास, ती पाच मिनिटांत उठून बसली. सून तव्यावर धिरडं घालत होती तर पीठ सगळं एका कडेला ओघळून जाड झालं आणि दुसऱ्या बाजूला जाळी पडली. बाथरूममध्ये तर पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी दाराच्या उंबऱ्याशी साचायला लागलं. ह्याचं कारण मला लगेच कळलं. बाथरूमच्या तळाला जो ढाळ देतात तोही थोडाच असतो, गाडी तेवढीच उलट्या बाजूला कलली की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि पाण्याला जायला जागाच उरत नाही.

मी ड्रायव्हरला म्हटलं, बाळा गाडी लेव्हलला घे. तो म्हणाला, घेतो की काका. वाडीच्या गडग्याजवळ जांभ्या चिऱ्याचे तुकडे पडले होते, चार-पाच इंच जाडीचे, त्यातले दोन त्याने डाव्या बाजूच्या चाकांपुढे ठेवले आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये वर चढवली. एका चिऱ्याची कड चढतानाच झडली. मी तेव्हाच थांबवायला पाहिजे होतं. चिरा काय ताकदीचा असतो हे मला माहिती आहे, पण अंधार पडत आला होता, नात रडत होती, आणि गाडी लेव्हलला आलेली बघून मी गप्प बसलो.

जांभा दगड भिंतीत उत्तम, कोकणातली घरं पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यावर उभी आहेत. पण भिंतीत त्याच्यावर भार सगळीकडून सारखा येतो, खाली-वर बांधकामाचा मसाला असतो. इथे चार टनाची गाडी, म्हणजे एका चाकावर साधारण एक टन, आणि तो भार दोन तळहात मावतील एवढ्याच जागेवर, तोही चिऱ्याच्या मधोमध नाही तर कडेला. शिवाय जांभा सच्छिद्र, पाणी पितो, आणि ओला चिरा कोरड्यापेक्षा कमजोर. खाली पावसाळ्यानंतर अजून न वाळलेली लाल माती. एवढं सगळं जुळून आल्यावर जे व्हायचं तेच झालं.

रात्री दीडच्या सुमाराला नात उठली म्हणून सुनेने तिच्यासाठी दूध तापायला ठेवलं. बायको खालच्या बाकावर बसून नातीला थोपटत होती. कट्‌कन आवाज आला आणि गाडीचा मागचा डावा कोपरा एकदम खाली बसला, चार इंच म्हणजे फार नाही असं वाटेल, पण आत बसलेल्या माणसाला ती जमीन पायाखालून काढून घेतल्यासारखी होते. दुधाचं पातेलं शेगडीवरून घसरलं आणि कडेवरून सरळ बायकोच्या पावलावर. साय धरलेलं दूध होतं, ते पाण्यासारखं निथळत नाही, चिकटून राहतं. सुनेने गॅस बंद केला, मुलाने बायकोला उचलून बाहेर आणलं, वाडीतल्या माऊलीने विहिरीचं गार पाणी पायावर ओतत ठेवलं, अर्धा तास तरी ती हातात कळशी घेऊन उभी होती. पाऊल फोडांनी भरलं. पुढचे पाच आठवडे बायकोला चप्पल घालता आली नाही. आणि मी रात्रभर एकच विचार करत होतो की नात त्या वेळी शेगडीपाशी असती तर.

सकाळी गाडीच्या मालकाला फोन केला. तो उद्धट नव्हता, त्याने विचारपूस केली, पण म्हणाला, काका, सगळेच दगड लावतात. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ते खरं आहे. ट्रकवाले दगड लावतात, टेम्पोवाले दगड लावतात, आता कॅरॅव्हॅनवालेही दगड लावतात. आणि निघताना तो दगड तिथेच राहतो. घाटात ट्रक बंद पडतो, चाकामागे दगड लागतो, ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो आणि दगड रस्त्यावर तसाच पडून राहतो, मग रात्री मोटरसायकलवाला त्याच्यावर जातो. घाटातून जाणाऱ्या प्रत्येकाने असे दगड बघितलेत.

आता दुसरी बाजू सांगतो. २०२३ च्या जुलैत आम्ही धाकट्या मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा त्याने २५ फुटी मोटरहोम भाड्याने घेतलं होतं, तिथे त्याला आरव्ही म्हणतात. गाडी ताब्यात देताना तिथल्या बाईने आधी गॅस नाही दाखवला, टीव्ही नाही दाखवला, एक पिशवी काढून दिली. पिशवीत नारिंगी रंगाचे दहा चौकोनी प्लास्टिकचे ठोकळे, प्रत्येक साधारण साडेआठ इंच चौरस आणि एक इंच उंच, एकमेकात अडकणारे, मुलांच्या ठोकळ्यांच्या खेळासारखे. आणि दोन चाकअडवण्या, म्हणजे चाकापुढे-मागे लावायचे त्रिकोणी ठोकळे. ती म्हणाली गाडी उभी केल्यावर सगळ्यात आधी हे, बाकीचं नंतर. त्या गाडीला पलंगाचा भाग भिंतीसकट बाहेर सरकायचा, स्लाइडआउट म्हणतात, तर तो सुद्धा गाडी लेव्हलला आल्याशिवाय बाहेर काढायचा नाही असं तिने दोनदा बजावलं, कारण गाडी तिरकी असताना काढला तर त्याच्या रुळांवर आणि मोटरवर ताण येतो.

तिथल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फिशिंग ब्रिज म्हणून गाड्या मुक्कामाला लावायची जागा आहे, अस्वलांमुळे तिथे तंबू लावू देत नाहीत, पक्क्या भिंतींच्या गाड्याच चालतात. तिथे संध्याकाळी मी खुर्ची टाकून बसायचो आणि येणाऱ्या गाड्या बघायचो. माझ्या वयाची जोडपी, कुणी त्याहून म्हातारी, गाडी आली की बाई खाली उतरते, आरशात दिसेल अशी बाजूला उभी राहते, कधीच मागे नाही, नवरा हळूहळू ठोकळ्यावर गाडी चढवतो, ती हात वर करते, गाडी थांबते. मग तो आत जाऊन जमिनीवर छोटी पाणसळ ठेवून बघतो. बुडबुडा मधे आला की चाकअडवणी लावतात आणि मग चहा-कॉफी. दहा मिनिटं लागत नाहीत. आपल्याकडेही ट्रकचा क्लीनर मागे उभा राहून येऊ दे येऊ दे, बास म्हणतोच की, पद्धत आपल्या अंगात आहे, फक्त माणूस मागून बाजूला यायला पाहिजे आणि हातात दगडाच्या जागी ठोकळा यायला पाहिजे.

तिथे लोक ह्याबाबतीत एवढे काटेकोर का, हे मुलाने मला फ्रिज उघडून समजावलं. तिथल्या बऱ्याच मोटरहोममध्ये जो फ्रिज असतो त्याला कॉम्प्रेसर नसतो, तो गॅसवरही चालतो आणि विजेवरही. हॉटेलच्या खोलीत एक छोटा फ्रिज असतो, अजिबात आवाज न करणारा, बऱ्याचदा तो ह्याच जातीचा. स्वीडनमध्ये १९२२ साली दोन विद्यार्थ्यांनी, प्लाटेन आणि मुंटर्स, हा शोधून काढला. त्यात अमोनिया आणि पाणी उष्णतेने वर जातं आणि नळ्यांच्या उतारावरून आपल्या वजनाने खाली येतं, पंप नाही की काही नाही. आता मला सांगा, जे यंत्र उतारावरच चालतं ते गाडी तिरकी झाली तर कसं चालेल? नळीतला उतारच मोडतो, द्रव एका जागी अडकतो, खालचा बॉयलर कोरडा तापत राहतो, नळीला गंज लागू नये म्हणून आत जे क्षार असतात ते तिथे साठून घट्ट होतात आणि नळी बुजते. असा एकदा बुजलेला फ्रिज सहसा पुन्हा चालू होत नाही. जुन्या फ्रिजच्या पुस्तिकेत आडव्या बाजूला साधारण ३ अंशापेक्षा जास्त कल नको असं लिहिलेलं असतं. ३ अंश ऐकायला किरकोळ वाटतात, पण चाकांमधलं अंतर १.८ मीटर धरलं तर ते साडेनऊ सेंटीमीटर होतात. आपल्याकडच्या बऱ्याच कॅरॅव्हॅनमध्ये कॉम्प्रेसरचा फ्रिज असतो, त्याला एवढा फरक पडत नाही, म्हणून आपल्या लोकांना लेव्हलची गरज वाटत नाही असं मला वाटतं. पण धिरडं, बाथरूमचं पाणी, झोप आणि शेगडीवरचं दूध ह्यांना फरक पडतोच, फ्रिज कुठलाही असो.

परत आल्यावर आणि विशेषतः त्या रात्रीनंतर मी ह्या विषयावर बराच वेळ घातला, मुलाबरोबर आणि ओळखीच्या एका सुताराबरोबर. जे कळलं ते तुमच्या वाचकांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिलं म्हणजे ठोकळा काढायच्या आधी जागा बदलून बघा. गाडी दोन मीटर पुढे-मागे घेऊन बराचसा कल जाऊ शकतो, आणि कित्येकदा ठोकळ्याची गरजच पडत नाही. १०-१२ सेंटीमीटरच्या वर उचलावं लागत असेल तर ती जागा मुक्कामाची नाही, सरळ दुसरी बघा, तिथे ठोकळ्यावर ठोकळा चढवत बसू नका.

पाणसळ गाडीच्या आत ठेवायची, पलंगाच्या फळीवर किंवा फ्रिजपाशी जमिनीवर, एकदा गाडीच्या आडव्या दिशेने आणि एकदा लांबीच्या दिशेने. डॅशबोर्डवर ठेवून उपयोग नाही, तो मुळातच उतरता असतो. मोबाईलवरही लेव्हलचं ॲप येतं, पण फोनच्या मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो आणि कव्हरही असतं, त्यामुळे मी दोनशे रुपयाच्या आत मिळणाऱ्या छोट्या पाणसळीवरच विश्वास ठेवतो. काहीच नसेल तर स्टीलच्या ताटात पाव इंच पाणी घ्या, ते खोटं बोलत नाही.

आधी डावं-उजवं जुळवायचं, मग पुढे-मागे. चढवायची ती चाकं खालच्या बाजूची, वरची बाजू खणून खाली न्यायची नाही. रॅम्प म्हणजे पायऱ्यांची उतरती पाचर, बाजारात तीन पायऱ्यांची मिळते, गाडी हळू चढवायची आणि हव्या त्या पायरीवर थांबायचं. इथे घाई करणारे दोन चुका करतात, एक तर जोरात चढवतात आणि चाक पलीकडे उतरतं, नाहीतर अर्धा क्लच धरून गाडी तिथेच लटकवत ठेवतात आणि क्लच जळल्याचा वास येतो. ओल्या गवतावर किंवा गुळगुळीत फरशीवर रॅम्प चाकाखालून सटकून पुढे पळतो, त्याच्याखाली गोणपाट किंवा जुना रबरी पायपुसा घाला. मऊ मातीत खाली प्लायवूडचा किंवा फळीचा तुकडा घाला, नाहीतर रात्रीतून ठोकळा मातीत जातो आणि सकाळी गाडी पुन्हा होती तिथेच.

टायर पूर्णपणे ठोकळ्यावर बसला पाहिजे. टायरची कड बाहेर लोंबत राहिली तर रात्रभर सगळा भार उरलेल्या भागावर येतो आणि आतल्या तारांना इजा होते, ती त्या दिवशी दिसत नाही, पुढे हायवेवर दिसते. मागे जोडचाकं असतील तर दोन्ही चाकांखाली ठोकळा हवा. नुसतं बाहेरचं एकच चाक चढवलेल्या गाड्या मी इथे बघितल्या आहेत, त्यात एका टायरवर दोघांचा भार येतो.

हँडब्रेक आणि चाकअडवणी दोन्ही लावायचं, एकाच्या भरवशावर नाही. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहिती नसते, हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना धरतो. म्हणून जॅक लावून मागची चाकं जमिनीपासून उचलली की हँडब्रेक असून नसल्यासारखा, गाडी पुढच्या मोकळ्या चाकांवर घरंगळू शकते. चाक बदलायचा जॅक लावून, तसाच ठेवून, वर झोपणारे लोक आहेत. कृपा करून असं करू नका. कोपऱ्यात जे खाली सोडायचे पाय असतात तेही गाडी हलू नये म्हणून असतात, गाडी उचलायला नसतात, ते सगळ्यात शेवटी, लेव्हल झाल्यावर नुसते टेकवायचे. आणि गाडी ठोकळ्यावर असताना काहीही पडलं तरी खाली सरपटत जायचं नाही, लहान मुलांना तर हे दरडावून सांगा, त्यांना त्या सावलीत खेळायला फार आवडतं.

आता ज्यांच्या हातात हे आहे त्यांच्याबद्दल. २०२१ साली आपल्या राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, कॅरॅव्हॅन पार्क उभे करायचे, तिथे पाणी, वीज वगैरे सोयी द्यायच्या असं त्यात आहे. त्याच वर्षी केरळनेही अशी योजना आणली. चांगली गोष्ट आहे, जिथे हॉटेल नाही तिथे पर्यटक पोचेल, वाडीतल्या माणसाला दोन पैसे मिळतील, मी त्याच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही. माझं म्हणणं एवढंच की जागा देताना गाडी उभी राहते ती पट्टी नीट करा. सगळं आवार सपाट करायची गरज नाही, एका गाडीला साडेतीन मीटर रुंद आणि आठ-नऊ मीटर लांब कॉंक्रीटची पट्टी पुरते, तिला १०० ला १ एवढाच ढाळ द्या आणि तो एकाच दिशेने द्या. दोन दिशांना ढाळ दिला की चारही चाकं चार उंचीवर येतात आणि मग ठोकळे लावणाऱ्याचा जीव जातो. कोकणात पाऊस आहे, ढाळ लागणारच, पण पाणी पट्टीच्या कडेच्या चरात काढता येतं, पट्टीवरून वाहवायची गरज नाही. हे काम कुठलाही गवंडी करू शकतो, फक्त त्याला सांगावं लागतं की इथे माणसं झोपणार आहेत.

आणि गाडी भाड्याने देणाऱ्यांना हात जोडून विनंती. गाडीत टीव्ही देता, साउंड सिस्टीम देता, रंगीत लाइट देता, त्याच्यासोबत दोन रॅम्प, चार चाकअडवण्या आणि एक पाणसळ द्या, आणि ड्रायव्हरला एक दिवस मोकळ्या मैदानात नेऊन हे सगळं करायला लावा. त्या पोराचा काही दोष नव्हता, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, दुसऱ्या दिवशी तो माझ्या बायकोच्या पायाकडे बघून डोळ्यात पाणी आणून उभा होता. आणि भाड्याने घेणाऱ्यांनीही गाडी ताब्यात घेताना एसी चालतो का विचारायच्या आधी ठोकळे कुठे आहेत हे विचारावं, नसतील तर गाडी घेऊ नये. चार गिऱ्हाइकं परत गेली की पाचव्याला ठोकळे मिळतील.

बाहेरून मागवलेले प्लास्टिकचे रॅम्प हलके असतात, नीट वापरले तर बरीच वर्षं टिकतात, पण सगळ्यांनाच ते परवडतील किंवा लगेच मिळतील असं नाही. म्हणून आमच्या सुताराकडून आम्ही जोडी करून घेतली. फळी २८ सेंटीमीटर रुंद, म्हणजे टायरपेक्षा दोन्ही बाजूला तीन-तीन सेंटीमीटर जास्त, आणि ४ सेंटीमीटर जाड. खालची फळी ९५ सेंटीमीटर लांब, मधली ६५, वरची ३५, मागच्या टोकाला तिन्ही एका रेषेत आणि पुढे पायऱ्या. प्रत्येक फळीची पुढची कड तासून उतरती केली. वरच्या फळीच्या मागच्या टोकाला एक आडवी पट्टी, चाक पलीकडे जाऊ नये म्हणून. बोल्टची डोकी लाकडात पूर्ण बुडवलेली, नाहीतर टायरला लागतात. खालच्या अंगाला जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं, फरशीवर सरकत नाही. एका नगाचं वजन १५ किलोच्या पुढे जातं, ते काही मी लपवत नाही, पण दोन माणसं असली की उचलून ठेवता येतो आणि निघताना परत गाडीत जातो, रस्त्यावर मागे काही राहत नाही.

ही जोडी मी त्या कॅरॅव्हॅनच्या मालकाला नेऊन दाखवली. त्याने मापं लिहून घेतली आणि एक जोडी करायला टाकतो म्हणाला. पत्र छापलंत तर मापं तेवढी कापू नका, आणि कुणी विचारलंच तर लाकूड बाभळीचं सांगा. सुतार आंब्याचं स्वस्त पडतं म्हणून गळ्यात मारेल, ते घेऊ नका, ते मऊ असतं आणि दोन पावसाळ्यात दबतं.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त बांधकाम सुपरवायझर,
सांगली